बेरजेत पाव इंच कमी

ठाणे, ता. २ जून १८८९

काळूकाकांना थेरेसाचा नमस्कार.

तुमच्या गावचा आनंदा बाबांची पेटी घेऊन आला त्याला आज वीस दिवस झाले. तो म्हणाला, तुम्ही कलकत्त्याच्या गाडीने कल्याणला उतरलात, पेटी त्याच्या हवाली केलीत आणि सरळ आंबिवलीची वाट धरलीत. कल्याणहून ठाणं गाडीने तासाभराचंसुद्धा नाही. ज्या माणसाने ब्रह्मदेशात बाबांना शेवटचं पाणी पाजलं, तो एवढ्या जवळ येऊन आमच्या दारात उभा राहिला नाही, याचं आईला फार लागलं. मला रागच आला. राग आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

तुम्ही मला पाहिलंत तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आता सोळावं सरलं. बाबांच्या बरोबर तुम्ही निघालात त्या दिवशी तुमच्या खांद्यावरच्या लांब पट्टीवर कावळा बसला होता आणि मी हसले म्हणून आईने मला चिमटा काढला होता. ती मी.

कामाचं सांगते. बाबांना तिकडेच पुरलं, त्यामुळे इथे त्यांची कबर नाही. तळ्याकाठच्या देवळाच्या आवारात आमच्या घराण्याच्या कबरींची जागा आहे, तिथे त्यांच्या नावाचा क्रूस बसवायचा विचार आहे. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी. पाद्रीबाबा त्या दिवशी चार शब्द बोलणार, पण त्यांना बाबा माहीतच नाहीत. बाबा रजेवर यायचे तोवर पाद्री बदललेला असायचा. आईला विचारलं तर ती म्हणते, अठरा वर्षांच्या संसारात सगळे मिळून सहा वर्षं घरी होते, मला काय विचारतेस, काळूला विचार. तेव्हा बाबा कुठे कुठे गेले, काय काय बांधलं, कसे राहत, हे आठवेल तसं लिहा.

एक गोष्ट निराळी विचारते. घरची पत्रं आली की बाबा काय करत? वाचताना काही बोलत? हे मात्र पाद्रीबाबांसाठी नाही. माझ्यासाठी लिहा.

आम्ही सगळी बरी आहोत.

तुमची
थेरेसा मॉरिस कोरिया


आंबिवली, ता. १६ जून १८८९

थेरेसाबायला काळुराम भोईरचा आशीर्वाद.

राग बरोबर आहे. साहेबांशिवाय त्या दाराशी कसं यायचं ते मला कळेना. कल्याणला फलाटावर दोन गाड्या ठाण्याकडे गेल्या त्या मी उभ्याने बघितल्या. मग पेटी आनंदाकडे दिली. आईंना सांगा, काळू भित्रा निघाला.

माझं अक्षर बघून हसू नका. हे तुमच्या बाबांनीच घडवलेलं आहे. आकडे मला पट्टीमुळे येत होते, अक्षरं एडनला आली. तिथे पाण्याच्या टाक्यांचं काम होतं आणि दुपारी ऊन एवढं की दगडसुद्धा आत घ्यावा. त्या दुपारी साहेब मला गिरवायला बसवत. म्हणायचे, काळू, तुला लिहिता आलं की माझी अर्धी वही सुटेल.

साहेब मला भेटले आमच्याच काळू नदीवर. ते पुण्याहून इंजिनियरीचं शिकून नवीन आलेले, पुलाची मोजणी करत होते. मी होडी चालवायचो. त्यांचा पट्टी धरणारा माणूस पाण्याला घाबरला. पट्टी म्हणजे फूट-इंच लिहिलेली लांब लाकडी फळी. ती एकाने सरळ धरायची आणि इंजिनियरने लांबून दुर्बिणीतून आकडा वाचायचा. मी म्हटलं, द्या इकडे. कमरेइतक्या पाण्यात सकाळपासून दुपारपर्यंत उभा राहिलो. संध्याकाळी त्यांनी विचारलं, सक्करला येशील? सक्कर हे बिस्किटाचं नाव असेल असं मला वाटलं. मी हो म्हटलं.

तेव्हापासून सिंधमधलं सक्कर, बोलनचा घाट, एडन, मध्ये दोन वर्षं गोदावरीचे कालवे, शेवटी ब्रह्मदेशातली मंडालेची लाइन. पाद्रीबाबांना सांगा, मोठे पूल अकरा, लहान मी मोजले नाहीत. बोलनला बर्फ पडला तेव्हा साहेबांनी आपला कांबळा खडी फोडणाऱ्या बाईच्या तान्ह्याला दिला आणि स्वतः दोन दिवस शिंकत होते. कधी कोणाला शिवी दिली नाही. फक्त एकदा धाकू नावाच्या मुकादमाची मोजणीची वही उघडून पाहिली आणि सरळ शेकोटीत टाकली. का टाकली ते पुढे कधीतरी सांगेन.

पत्राचं विचारलंत. पत्र आलं की आधी तुमची मापं बघायची. कोण किती वाढला ते झालं की मग बाकीचं, चहा घेत. तंबूत शोभेचं असं काही नव्हतं. लोक बायकापोरं घेऊन येत, साहेबांनी आणली नाहीत. म्हणायचे, माझ्या पायांना भिंगरी आहे ती पोरांच्या पायांना नको, त्यांना एक घर असू दे.

ताप आला तो नवव्या दिवशी घेऊन गेला. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती, बोलणं नव्हतं. त्रास पुष्कळ झाला नाही.

गिल्बर्टदादाला, मार्सेलबाळाला आशीर्वाद. सिसीबाय आता आठ वर्षांची असेल. साहेबांची लाडकी. तिला माझा मुका.

काळुराम


ठाणे, ता. ९ जुलै १८८९

काळूकाका,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. सक्करच्या बिस्किटाला ती हसली. मार्चमध्ये बाबा गेल्याचं कळल्यानंतर पहिल्यांदा हसली. शेवटची ओळ मी वाचली नाही.

सिसी आठ वर्षांची नाही. सहा वर्षांची असतानाच ती गेली. १८८७ च्या ऑगस्टमध्ये घटसर्प झाला, चार दिवस घसा धरून होती, पाचव्या दिवशी सकाळी गेली. त्याच आठवड्यात तुमच्या हातचं कार्ड आलं होतं की साहेब तापाने आडवे आहेत, प्रार्थना करा. आठवतंय? आई म्हणाली, आता हे कळवलं तर तो दिवाही विझेल. बरे होऊ देत, मग लिहू. ते बरे झाले. मग त्यांचं पुलाचं काम निघालं आणि आई म्हणाली, कामात चित्त नसलं तर माणूस वरून पडतो, थोडं थांबू. मग म्हणाली, कागदावर कशाला, तीन वर्षं संपली की येतीलच, मी तोंडाने सांगीन.

आईला लिहिता येत नाही. हात माझा होता. सगळी बरी आहेत, हे मी एकोणीस पत्रांत लिहिलं. तुम्हालाही लिहिलं, हात आपोआप लिहितो.

आणि मापं. बाबांचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून पोराला उभं करायचं. जमिनीपासून डोक्यापर्यंत मोजायचं. मग वेगळं, चौकटीच्या वरच्या पट्टीपासून खाली डोक्यापर्यंत. दोन्ही आकडे लिहायचे. चौकट सहा फूट चार इंच, दोन्हींची बेरीज तेवढी यायला हवी. नाही आली तर आकडा दुरुस्त करायचा नाही, आहे तसा पाठवायचा. गिल्बर्ट टाचा उचलतो हे त्यांना एवढ्या लांबून कळायचं आणि ते त्याला पत्रातून टपली मारायचे.

सिसीचं माप पाठवलं नाही तर ते विचारणार. म्हणून मी तिला वाढवलं. चौकटीवर गिल्बर्टच्या त्या वयाच्या खुणा होत्या, त्या बघून. दर महिन्याला पाव इंच, कधी त्याहून कमी. वरचा आकडा वजाबाकीने काढायचा. बाबा गेले तोवर ती माझ्या हाताखाली चार इंच वाढली होती. आई तेव्हा चुलीकडे तोंड करून बसायची.

बाबांच्या पेटीत आमची सगळी पत्रं निघाली, महिन्याप्रमाणे बांधलेली. प्रत्येक मापापुढे त्यांनी पेन्सिलीने बेरीज केली आहे. गिल्बर्ट, पाव इंच कमी. मार्सेल, अर्धा जास्त. माझ्यापुढे एकदा लिहिलंय, थेरेसा घाईत. सिसीच्या, ती गेल्यापासूनच्या, सगळ्या बेरजा बरोबर. पहिल्या दोन पत्रांत त्यांखाली काही खूण नाही, तिसऱ्यापासून तिच्या प्रत्येक बेरजेखाली दोन रेघा आहेत. चारांत एकटी सिसी शहाण्यासारखी उभी राहते, याचं त्यांना किती कौतुक वाटलं असेल. त्या रेघा पाहिल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

तुम्ही तिथे होतात. तिकडे कोणी त्यांना सांगितलं का? त्यांना कळलं होतं का? मला एवढंच हवं आहे. खरं लिहा.

थेरेसा


आंबिवली, ता. २५ जुलै १८८९

थेरेसाबाय,

सिसीबायचं वाचून हातातली काठी खाली ठेवली. माझी बायको सगुणा विचारत होती काय झालं, तिला सांगवेना.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. साहेबांना काही ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलं नाही. ते सुखात गेले. शेवटी चारही पोरांची नावं घेतली, सिसीबायचं सगळ्यात शेवटी, आणि डोळे मिटले. तुम्ही आणि आईंनी केलंत ते त्यांच्या भल्यासाठी केलंत, आणि त्यात भलंच झालं. आता ते मनातून काढा. जेवत जा.

आमच्याकडे लावणी आहे. हात चिखलाचे आहेत म्हणून थोडक्यात लिहितो.

काळुराम


ठाणे, ता. ८ ऑक्टोबर १८८९

काळूकाका,

उत्तराला अडीच महिने लावले. मुद्दाम लावले.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, देवाने सुखाने नेलं, आणि तांदूळ निवडायला बसली. मला वाटलं, झालं, आता तिला झोप लागेल. दोन दिवसांनी कपडे वाळत घालताना मध्येच थांबली आणि म्हणाली, "थेरेसा, तिथं पोचल्यावर त्यांना पहिली सिसीच दिसली असेल गं. दारातच उभी असेल ती. काय म्हणाले असतील? बाय, तू इथे कशी? तुझी आई तर लिहीत होती, तू बरी आहेस म्हणून."

तेव्हापासून हेच. जेवताना हेच, माळ जपताना हेच. आमच्यात नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेतात, तो आगेऱ्याचा सण परवा झाला. आई आली नाही. आधी दर रविवारी सिसीच्या कबरीवर फुलं घेऊन जायची, तेही सोडलं. म्हणते, पोरीला आणि बापाला एकमेकांपुढे मी खोटी पडले. आता क्रूसही नको म्हणते. बाबांच्या नावापुढे मेणबत्ती कोणत्या तोंडाने लावू, असं विचारते. लिहिलं तर मी. पाद्रीबाबांपाशी मी कबुली दिली, त्यांनी माफी दिली. बाबांनी दिली का, ते त्यांना कसं ठाऊक असणार?

तुम्हाला वाटत असेल की, काही ठाऊक नव्हतं, असं लिहून तुम्ही आम्हाला सोडवलंत. काका, ठाऊक असतं तर बरं होतं. रागावून गेले असते तरी चाललं असतं. बाप आहे, रागावला तर रागावला. पण आम्ही फसवलेला माणूस आम्हालाच असीस देत गेला, हे मला आयुष्यभर पेलायचं नाही.

आणि एक. पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलंत की शेवटचे दोन दिवस त्यांना शुद्ध नव्हती, बोलणं नव्हतं. दुसऱ्यात लिहिता की चारही पोरांची नावं घेऊन डोळे मिटले. दोन्हींतलं एक खोटं आहे. दीड वर्ष खोटं लिहून माझा हात त्यात मुरला आहे, दुसऱ्याचं मला लगेच दिसतं. सुखात गेले हे जर तुम्ही रचलं असेल, तर बाकीचं काय होतं ते सांगा. वाईट असलं तरी सांगा. २ नोव्हेंबरला चार आठवडेही राहिले नाहीत.

थेरेसा


आंबिवली, ता. २० ऑक्टोबर १८८९

थेरेसाबाय,

बापाचीच लेक आहात. पकडलंत.

साहेबांनी मला एकवीरा आईची शपथ घातली होती. ती मोडतो आहे. परवा कार्ल्याला जाऊन नारळ फोडेन आणि आईच्या पायाशी सांगेन की पोरगी जेवत नव्हती. ती आई आहे, समजेल.

साहेबांना ठाऊक होतं. पहिल्यापासून नाही, पण तुमच्या तिसऱ्या पत्रापासून. जाईपर्यंत सव्वा वर्ष ठाऊक होतं.

धाकू मुकादमाच्या वहीचं सांगतो, म्हणजे कळेल. मोजणी करत लांब गेलं की त्याच वाटेने मोजत परत यायचं असतं, पहिल्या खुणेपर्यंत. जाताना आणि येताना आकडा अगदी एक कधी येत नाही. पट्टी हलते, वारा असतो, डोळा थकतो. थोडा फरक राहतोच. फार फरक असला तर साहेब परत मोजायला लावत, रागवत नसत. धाकूची वही मात्र आठ मैलांची आणि फरक काहीच नाही. साहेबांनी त्याला विचारलं, कोणत्या झाडाखाली बसून लिहिलीस? आणि शेकोटीत टाकली. त्याने खरंच झाडाखाली बसूनच लिहिली होती.

आता तुमचं पत्र. पाऊस उघडला होता, साहेब तापातून उठून जेमतेम बसत होते. तुमचं पत्र आलं. मापांपुढे बेरजा मांडल्या. पेन्सिल थांबली. मला हाक मारली.

"काळू, किती वर्षं पट्टी धरतोस?"

"सोला झाली, साहेब."

"खालून वरून कधी अशी काट्यावर जुळली?"

मी म्हटलं, "नाय साहेब. मानसाचा हात हाय, हालतोच."

"आणि सहा वर्षांचं पोर?"

मी हसलो. "पोर तं उभाच नाय रात."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मग हिला कोणी उभं केलेलं नाही. आजारी असेल, अंथरुणावर असेल. थेरेसाने मला घोर नको म्हणून बसल्या जागी लिहिलं." पुढच्या टपालाची वाट बघत राहिले. पुढच्या पत्रात पाव इंच वाढ आणि बेरीज पुन्हा काट्यावर. म्हणाले, आजारी मूल वाढतं कसं. त्या महिन्यात नीट जेवले नाहीत. तिसरं पत्र आलं, तेही तसंच. त्यांनी बेरजेखाली दोन रेघा मारल्या. आमच्या वहीत दोन रेघा म्हणजे लाइन इथे संपली, पुढे मोजणी नाही. तुम्ही त्याला कौतुक समजलात. मी ते वाचलं आणि तरी तुम्हाला खोटं लिहिलं, याची मला लाज वाटते.

पत्राची घडी घालून साहेब म्हणाले, "सिसी गेली."

मी म्हटलं, "कोनी सांगला?"

म्हणाले, "थेरेसाने सांगितलं. तिला माहीत नाही, पण तिने सांगितलं."

त्या दिवशी काम बंद ठेवलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा. नदीच्या काठाला बसून होते, मी मागे बसून होतो. रडले. मोठ्याने रडले, बाय, हे लपवत नाही. रजेचा अर्ज केला, तर वरून उत्तर आलं की पावसाआधी पूल उभा राहिला पाहिजे. मी म्हटलं, साहेब, घरी लिहा तरी की कळलं. ते म्हणाले, "चौदा वर्षांची पोर. एका हाताने आईला धरलंय, एका हाताने मला. मी कळलं म्हणून लिहिलं तर तिला वाटेल, आपला हात निसटला. घरी जाईन, चौकटीपाशी तिला जवळ घेऊन बसेन, तेव्हा बोलू. तोवर तू तोंड उघडायचं नाहीस." म्हणून ते दर पत्रात, सिसीचं माप धाड, असं लिहायचे. ती ओळ लिहिताना पेन्सिल सोडून शाई घ्यायचे, हात कापतो ते दिसू नये म्हणून बोरूने सावकाश लिहायचे. राग त्यांना कधी आला नाही. तुमच्यावर नाही, आईंवर नाही.

त्यांच्यानंतरही मी बोललो नाही, कारण मला वाटलं, साहेब एकट्याने रडले हे घरच्यांना कळण्यापेक्षा त्यांना काही ठाऊक नव्हतं हे बरं. पट्टी सरळ धरायची एवढीच मला विद्या. बाकीचं मला कळत नाही.

आनंदाबरोबर एक पट्टी पाठवतो आहे. ती पेटीत मावत नव्हती, असं मी सांगितलं असतं, पण खरं म्हणजे मी ती ठेवून घेतली होती. जुनी, वरून तुटलेली. साहेबांनी ती तंबूच्या खांबाला बांधली होती. तीच त्यांची चौकट. पत्र आलं की सुरीने तुमच्या नावाची खाच करायची. गिल्बर्टच्या, मार्सेलच्या, तुमच्या खाचा वर वर चढत गेलेल्या दिसतील. सिसीबायची तीन फूट साडेसात इंचावर थांबली आहे, तुम्ही खरं मोजून पाठवलेलं शेवटचं माप. तिथे त्यांनी पितळेचा खिळा मारला. पूल बांधताना अशी एक कायमची खूण करतात आणि बाकी सगळी उंची तिच्यापासून मोजतात. त्यानंतर साहेब मार्सेलचं माप तसंच सांगायचे. खिळ्याच्या सहा इंच खाली. खिळ्याच्या साडेचार इंच खाली. म्हणायचे, मार्सेल खिळ्याला लागेल तेव्हा मी घरी असेन.

आईंना सांगा, तिथे दारात सिसीबाय दिसली असेल तर साहेब दचकले नसतील. ते तिच्याचसाठी निघाले होते.

शेवटच्या तापात, शुद्ध होती तेव्हा, मला म्हणाले, काळू, मी नसलो तर मापं तू मागवत जा. ते मी अजून केलं नव्हतं. आता करतो. मापं पाठवत जा, बाय. खालून आणि वरून.

काळुराम


ठाणे, ता. १३ जानेवारी १८९०

तीर्थरूप काळूकाका,

पट्टी दिवाळीनंतर तिसऱ्या दिवशी पोचली. आनंदाला गार्डाने डब्यात घेतलं नाही, बिचारा कल्याणहून खांद्यावर घेऊन चालत आला. त्याला आईने वाढलं आणि तो जेवत असताना मी तुमचं पत्र वाचलं. आधी मनात, मग मोठ्याने. या वेळी एकही ओळ गाळली नाही.

आई उठली. पट्टी उचलून तिने स्वयंपाकघराच्या चौकटीला लावली. चौकटीवर सिसीची शेवटची खूण आहे, ती माझ्या हातची. खिळा तिच्याहून केसभर वर आला. आईने खिळ्यावर अंगठा ठेवला आणि तशीच उभी राहिली. आनंदाचं जेवण झालं, तो पाया पडून गेला, तरी उभी होती. मग म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं, आणि मी इथे चुलीकडे तोंड करून बसत होते. दोघं दोन ठिकाणी एकटीच रडलो गं." त्यानंतर ती जे रडली ते मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. सिसी गेली तेव्हासुद्धा पत्र लिहायचं म्हणून तिने डोळे पुसले होते.

मी कधी रडले ते लिहीत नाही. बाबांच्या पत्रांतली, सिसीचं माप धाड, ही ओळ पुन्हा काढून बघितली. अक्षर फार वळणदार आहे. मला तेव्हा वाटायचं, बाबा निवांत आहेत.

२ नोव्हेंबरला क्रूस बसला. सिसीच्याच कबरीवर, दोघांची नावं एकाखाली एक, सिसीचं वर. आईने दोन मेणबत्त्या लावल्या. पाद्रीबाबांनी अकरा पूल सांगितले, बर्फातला कांबळा सांगितला. धाकूच्या वहीची गोष्ट मी त्यांना दिली नव्हती. ती आमची.

आता मापं. नोव्हेंबर-डिसेंबरची पाठवायला हवी होती, पण पोरं उभी करायचा मला धीर होत नव्हता. काल रविवारी आईनेच सगळ्यांना हाक मारली. बाबांची पट्टी आता चौकटीला ठोकून टाकली आहे. आधी गिल्बर्ट. खालून चार फूट नऊ, वरून एक फूट साडेसात. अर्धा इंच जास्त, म्हणजे टाचा. त्याला तुमच्या वतीने टपली दिली. माझं लिहीत नाही, मी वाढायची थांबले.

मग मार्सेल. पाठ लावून उभा राहिला आणि खिळा नेमका त्याच्या टाळूला टेकला. मी आईकडे पाहिलं. ती उठली, पुढच्या दारापर्यंत गेली, रस्त्याकडे बघून आली आणि परत आपल्या जागी बसली. म्हणाली, लिही.

मार्सेल. खालून तीन फूट साडेसात इंच. वरून दोन फूट सव्वाआठ. बेरजेत पाव इंच कमी. तो हलत होता.

तुमची
थेरेसा